४.४९, ४.५० की ४.५१? एअर पिस्तुलाला छर्ऱ्याची हेड साईज कशी ठरवायची

ऐरोलीहून एका वडिलांनी विचारलंय. मुलगी चौदा वर्षांची, १० मीटर एअर पिस्तूल खेळते, इतके दिवस क्लबचं पिस्तूल वापरत होती, आता तिच्यासाठी सेकंडहँड पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारं) मॅच पिस्तूल घेतलंय. छर्रे घ्यायला गेले तर एकाच कंपनीचे तीन डबे समोर आले, हेड साईज, म्हणजे छर्ऱ्याच्या पुढच्या टोकाचा व्यास, ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमी. दुकानदार म्हणतो ४.४९ घ्या, कोच म्हणतात ४.५०, आणि रेंजवरचे एक काका म्हणतात टाईट बसलेलं केव्हाही चांगलं, ४.५१ घ्या. मुलीचे नऊ-दहा चाललेले असताना मध्येच एखादा सात येतो, तो छर्ऱ्यामुळे येतो का हा त्यांचा मुख्य प्रश्न. शिवाय परदेशातले रिव्हॉल्व्हरवाले घरी काडतुसं भरताना गोळीचा व्यास .३५७ इंच की .३५८ असा वाद घालतात तो हाच प्रकार का, हेही विचारलंय.

मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला काम केलंय, म्हणजे भोकं मोजणं आणि त्यात काय बसतं ते बघणं हाच धंदा, आणि बऱ्याच वर्षांपासून ठाणे-नवी मुंबईतल्या पोरांच्या एअर गन्सचं सील बदलणं, टेस्टिंग करून देणं हे करतो. त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, कारण एका आकड्यात उत्तर दिलं तर ते तुमच्या पिस्तुलाला लागू पडेलच असं नाही.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. सात का येतो हा एक, आणि कुठली साईज घ्यायची हा दुसरा. दुकानात उभं राहिल्यावर वाटतं की दुसरा सुटला की पहिला आपोआप सुटेल. तसं होत नाही, म्हणून आधी सातचं बघू.

१० मीटर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं असतं आणि पुढची प्रत्येक रिंग ८ मिमी रुंद. छर्रा स्वतः ४.५ मिमीचा, आणि भोकाची कड आतल्या रेषेला नुसती लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत असला की दहा, १६ च्या आत नऊ, २४ च्या आत आठ, आणि त्याच्याही बाहेर गेला की सात. आता एखादं ठीकठाक मॅच पिस्तूल वाइसमध्ये पकडून त्याला न आवडणारे छर्रे मारले तरी दहा शॉटचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, एक सेंटिमीटरच्या पुढे गेलेला मी क्वचितच बघितलाय. म्हणजे मध्यापासून इकडे किंवा तिकडे पाच मिमी. याने काठावरचा दहा नऊ होईल, नऊचा आठ होईल, पण दहाच्या मध्यावर धरलेला शॉट सातमध्ये जाणार नाही. त्याला अडीच सेंटिमीटर सरकावं लागतं आणि ०.०१ मिमीचा फरक एवढं काम करत नाही.

दुसरं असं की नेमबाजाची चूक आणि छर्ऱ्याची चूक यांची सरळ बेरीज होत नाही, दोन्हींचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. मुलीचा स्वतःचा पसारा समजा २० मिमीचा आहे आणि पिस्तूल-छर्ऱ्याचा ४ मिमीचा, तर दोन्ही मिळून २४ होत नाही, २०.४ च्या आसपास होतो. छर्रा अगदी परफेक्ट मिळाला तरी तिला कार्डावर ०.४ मिमीचा फायदा. हे मी कुणाचा उत्साह घालवायला लिहीत नाहीये, पालक पोटाला चिमटा काढून पैसे घालतात आणि ते पैसे जिथे फरक पडेल तिथे जावेत असं मला मनापासून वाटतं.

रायफलचं मात्र वेगळं आहे आणि हा सगळा हेड साईजचा बोलबाला मुख्यतः तिकडून आलाय. एअर रायफलच्या टार्गेटवर दहा म्हणजे अर्ध्या मिमीचा ठिपका, छर्ऱ्याचा मध्य २.५ मिमीच्या आत असला तर दहा, आणि पुढे दशांशात मोजताना प्रत्येक दशांशाला ०.२५ मिमी. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, २०२२ मध्ये कैरोला वर्ल्ड चॅम्पियन झाला, त्याने ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर आणि दिव्यांश सिंग पनवार यांच्याबरोबर २०२३ च्या हांगझाऊ एशियन गेम्समध्ये टीमचं गोल्ड घेतलं तेव्हा तिघांचा मिळून स्कोअर होता १८९३.७, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड. १८० शॉट्सना भागा, सरासरी १०.५ च्या वर येते, म्हणजे सरासरी शॉटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून साधारण एक-सव्वा मिमीवर. त्या पातळीला नेमबाजाचा पसारा आणि छर्ऱ्याचा पसारा एकाच मापाचे होतात, ३ आणि ३ मिळून ४.२ होतात, आणि मग छर्ऱ्याचा प्रत्येक अर्धा मिमी स्कोअरबोर्डवर दिसतो. म्हणून ती मंडळी लॉट टेस्टिंगसाठी, म्हणजे कारखान्यातल्या एकेका खेपेचे छर्रे मारून बघण्यासाठी, एवढा जीव टाकतात, आणि त्यांचं ते बरोबरच आहे.

मग तुमच्या मुलीचा सात कुठून येतो हे कसं कळणार? कोच सांगतातच, तरी परत सांगतो, तिला शॉट कॉल करायला लावा. शॉट सुटल्यावर टार्गेट बघायच्या आधी तिने तोंडाने सांगायचं, दहा, किंवा नऊ डावीकडे, जे वाटलं ते. शेजारी तुम्ही वहीत लिहा. तिने सात म्हटलं आणि सात निघाला तर ट्रिगरवर काम करायचं, ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगरचा सराव, वाढवायचं, डबा बदलून काही होणार नाही. तिने ठामपणे दहा म्हटलं आणि सात निघाला, असं परत परत झालं, तर मात्र पिस्तुलाकडे बघायचं. आणि तेव्हासुद्धा आधी मागच्या साईटचा स्क्रू, ग्रिपचा स्क्रू, बॅरल हाताला हलतं का, ब्रीचच्या, म्हणजे छर्रा भरायच्या जागेच्या, ओ-रिंगमधून हवा सुटते का, आणि मग छर्ऱ्याचा स्कर्ट, म्हणजे मागचा पोकळ भाग, चेपलेला तर नाही ना, या क्रमाने. हेड साईजचा नंबर या सगळ्याच्या मागे लागतो.

आता दुसरा प्रश्न, साईजचा. तो गौण आहे असं मी म्हणत नाहीये, ती पुढे दहाच्या जवळ जायला लागली की हाच प्रश्न महत्त्वाचा होणार आहे, म्हणून नीट समजून घेऊ.

मॅच छर्रा हातात घेऊन बघा, पुढे सपाट हेड, मध्ये कंबर, मागे पोकळ स्कर्ट. हेडची कड बॅरलच्या लँडवर, म्हणजे रायफलिंगच्या उंच पट्ट्यांवर टेकते आणि छर्ऱ्याला सरळ ठेवते. स्कर्ट मुळातच हेडपेक्षा मोठा असतो, तो खोल खाचांमध्ये, म्हणजे ग्रूव्हमध्ये दाबून बसतो आणि मागची हवा अडवतो. बाहेर पडल्यावर जड हेड पुढे आणि हवेला अडणारा स्कर्ट मागे, बॅडमिंटनच्या शटलसारखा तो स्वतःला सरळ ठेवतो. तेव्हा डब्यावरचा ४.५० हा नुसत्या हेडचा आकडा आहे, स्कर्टचा नाही. हेड सैल झालं तर छर्रा बॅरलमध्ये किंचित तिरका बसतो आणि तिरकाच बाहेर पडतो. हेड जास्त झालं तर शिसं दाबलं जातं, बोटाला बसवताना जोर लागतो आणि प्रत्येक छर्रा थोडा वेगळा दाबला गेला तर वेगही मागेपुढे होतो. वेगाचं पिस्तुलाला फार वाटून घेऊ नका, साधारण १५० मीटर सेकंदाच्या पिस्तुलात वेग दोन टक्के बदलला तर १० मीटरवर वरखाली फरक जेमतेम एक मिमीचा पडतो. तिरकेपणाचा त्रास त्याहून जास्त.

काकांचं म्हणणं, की टाईट केव्हाही चांगलं, ते सगळ्याच बॅरलना लागू होत नाही. बऱ्याच मॅच बॅरलना तोंडाशी हलकासा चोक असतो, म्हणजे शेवटी बोअर, नळीचं आतलं भोक, किंचित आवळलेलं असतं आणि छर्रा बाहेर पडता पडता सगळे सारख्या मापाचे होऊन जातात. अशा बॅरलला ४.४९ आणि ४.५१ मधला फरक कधी कधी कार्डावर दिसतच नाही. चोक नसलेल्या किंवा बरंच वापरलेल्या बॅरलला दिसतो. तुमचं सेकंडहँड आहे, त्याचं बॅरल आत कसं आहे ते बाहेरून कुणालाच सांगता येणार नाही, दुकानदाराला नाही, कोचना नाही आणि मलाही नाही. हे बॅरलच सांगणार.

डब्यावरच्या आकड्याबद्दल एक गोष्ट टूलरूमवाला म्हणून सांगतो. ०.०१ मिमी म्हणजे साध्या मायक्रोमीटरचा सगळ्यात छोटा भाग, व्हर्निअरने तर हे मोजायच्या भानगडीत पडूच नका. शिसं एवढं मऊ असतं की मायक्रोमीटरचा रॅचेट वाजेपर्यंत हेडची पातळ कड दाबली जाते. छर्रा चिमट्यात धरून हेड मोजा, मग तोच छर्रा पाव फेरा फिरवून परत मोजा, आकडा एका शतांशाने इकडेतिकडे होईल, कारण एक तर हेड अगदी गोल नसतं आणि दुसरं म्हणजे तुम्ही आत्ताच ते दाबलंत. म्हणून मोजायचंच असेल तर छर्ऱ्यासाठी भोकांची गेज प्लेट मिळते, ४.४८, ४.४९ अशी चढत्या मापाची भोकं असतात, छर्रा हेड खाली करून नुसता सोडायचा, बोटाने ढकलायचा नाही, ज्या सगळ्यात लहान भोकात हेड आपल्या वजनाने उतरलं ते त्याचं माप. एकाच डब्यातले मूठभर छर्रे असे सोडून बघितले तर सगळ्यांची हेडं एकाच भोकात उतरतीलच असं नाही, चांगल्या मॅच ग्रेडमध्ये पसारा कमी असतो, स्वस्तात जास्त. आणि एका कंपनीचा ४.५० हा दुसऱ्या कंपनीच्या ४.५० एवढाच असेल हे गृहीत धरू नका. हेडच्या कडेचा आकार, शिशाचा कडकपणा, स्कर्टची जाडी सगळंच वेगळं असतं. आरडब्ल्यूएस आर१० आणि एच अँड एन फिनाले मॅच दोन्ही ४.५० घेतले तरी तुमच्या पिस्तुलाला ते दोन वेगळे छर्रे आहेत.

आता रिव्हॉल्व्हरचं. तत्त्व जवळचं आहे, पण तिथे भानगड एका पायरीने जास्त आहे. एअर पिस्तुलात छर्रा एकाच नळीत बसतो आणि त्याच नळीतून जातो. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी आधी सिलिंडरच्या चेंबरच्या तोंडातून, म्हणजे थ्रोटमधून जाते, मग मधली छोटी फट ओलांडून बॅरलमध्ये शिरते. पाच किंवा सहा चेंबर, प्रत्येकाचं थ्रोट वेगळं. थ्रोट जर बॅरलच्या ग्रूव्हपेक्षा लहान असेल तर शिशाची गोळी तिथेच चेपून बारीक होते, बॅरलमध्ये सैल जाते, कडेने गरम गॅस निसटतो, शिसं बॅरलला चिकटत जातं आणि ग्रुप बिघडतो. म्हणून तिकडचे जाणकार आधी प्रत्येक थ्रोट पिन गेजने बघतात, मऊ शिशाची गोळी बॅरलमधून ठोकून बाहेर काढून ग्रूव्हचं माप घेतात, आणि शिशाची गोळी थ्रोटच्या मापाची निवडतात, बॅरलच्या नाही. .३५७ मॅग्नमला जॅकेटवाली गोळी सहसा .३५७ इंच आणि ओतीव शिशाची .३५८ इंच वापरतात ती यामुळेच, शिशाच्या गोळीला भरून बसावं लागतं. तेव्हा .३५८ बरोबर का .३५७ या वादाचं उत्तरही त्या एका रिव्हॉल्व्हरच्या थ्रोटमध्येच असतं. फक्त एवढं लक्षात ठेवा की आपल्याकडे लायसन्स नसताना काडतूस बनवणं हा आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे, रिव्हॉल्व्हरचं लायसन्स असलं म्हणजे घरी काडतुसं भरायची परवानगी मिळाली असं होत नाही. तेव्हा हे नुसतं समजून घेण्यापुरतं. एअर पिस्तुलाचं बरं आहे, २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे ४.५ मिमीपर्यंत आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर गनला लायसन्स लागत नाही, आणि मॅच पिस्तूल तर ५ ज्यूलच्या आसपासच असतं.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर, सात बहुतेक ट्रिगरचा आहे, हेड साईजचा फरक पिस्तुलात काही मिमीचाच पडतो, आणि तो फरक कुठल्या बाजूला पडेल हे टेस्ट केल्याशिवाय कळत नाही. मग टेस्ट कशी करायची ते सांगतो, हीच खरी कामाची गोष्ट.

टेस्टच्या आधी पिस्तूल टेस्ट करायच्या लायकीचं आहे का ते बघा. सेकंडहँड असल्यामुळे सगळ्यात पहिलं म्हणजे हवेच्या सिलिंडरवरची तारीख. मॅच गनच्या सिलिंडरना कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात, ती तारीख सिलिंडरवर असते, आणि मुदत बघणं ही आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमाप्रमाणे खेळाडूचीच जबाबदारी आहे. २०० बारचा दाब मुलीच्या हाताजवळ असतो, मुदत संपली असेल तर ग्रुप-बिप सगळं बाजूला ठेवून आधी सिलिंडर बदला, यात तडजोड नको. मग बॅरलमधून दोन-चार फेल्ट (साफसफाईच्या नमद्याच्या गोळ्या) मारून साफ करा, आणि साफ केल्यावर लगेच ग्रुप मोजू नका, दहा-पंधरा छर्रे गेले की बॅरलला शिशाचा पातळ थर बसतो आणि मग ते स्थिर होतं.

डबे तीन विकत घेऊ नका. मॅच छर्ऱ्यांचा एक डबा ५०० चा असतो आणि आयात माल, उगाच पैसे अडकतात. रेंजवर प्रत्येकाच्या बॅगेत वेगळा डबा असतो, ओळखीने चाळीस-चाळीस छर्रे मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही, बदल्यात तुमचे द्या. छोट्या झिपच्या पिशवीत ठेवा आणि वर कंपनी, साईज आणि डब्यामागचा लॉट नंबर लिहा. लॉट नंबर न लिहिता केलेली टेस्ट पुढच्या वेळी काही उपयोगाची राहत नाही.

पिस्तूल वाइसमध्ये धरायचं, फ्रेमला धरायचं, लाकूड किंवा चामडं मध्ये घालून. बॅरलला किंवा सिलिंडरला आवळायचं नाही, सिलिंडर दाबला की बऱ्याच पिस्तुलांत बॅरलवर ताण येतो आणि मग तुम्ही छर्रा नाही, तुमचा वाइस टेस्ट करता. पीसीपीला धक्का जवळजवळ नसतो म्हणून हे चालतं. कुणाकडे स्प्रिंगवाली, मोडून भरायची एअर गन असेल तर तिला असं आवळून टेस्ट करू नका, तिचा पिस्टन पुढेमागे धक्का देतो आणि आवळलेल्या गनचा निशाणा वेगळाच पडतो, ती मऊ रेतीच्या पिशवीवर सैल हाताने टेकवूनच बघायची. क्लबमध्ये क्लॅम्प असेल तर कोचना विचारा, नसेल तर पिस्तूल रेतीच्या पिशवीवर टेकवून एखाद्या सीनियर नेमबाजाकडून मारून घ्या. मुलीकडून नको, तिला टेस्टिंगचा कंटाळा येईल आणि तिचा हात त्यात मिसळेल.

मग ४.४९ चे दहा एका कार्डावर, ४.५० चे दहा दुसऱ्या कार्डावर, ४.५१ चे दहा तिसऱ्यावर. पुढची फेरी उलट्या क्रमाने, ४.५१ पासून. मग तिसरी फेरी. क्रम उलटायचा एवढ्यासाठी की दाब उतरत जातो, बॅरल शिशाने भरत जातं, आणि क्रम एकच ठेवला तर त्याचा दोष कायम शेवटच्या साईजच्या माथी बसतो. साईज बदलली की त्या साईजचे दोन-तीन आधी बाजूच्या कार्डावर मारून टाका, मग मोजायचे सुरू करा. दाब फार खाली जाऊ देऊ नका, मध्ये एकदा भरून घ्या. शॉट कुठे लागतात याला महत्त्व नाही, सातमध्ये ग्रुप पडला तरी चालेल, किती जवळजवळ पडतात तेवढंच बघायचं.

कार्ड वाचताना बरेच जण चुकतात. पाच शॉटचा एक सुंदर ग्रुप पडला की त्याचा फोटो निघतो आणि साईज ठरते. पाच शॉटचा ग्रुप नशिबाने कितीही छान पडू शकतो, त्याच छर्ऱ्याचा पुढचा दीडपट मोठा पडेल. म्हणून दहाचे ग्रुप, प्रत्येक साईजचे निदान तीन, आणि मी स्वतः प्रत्येक साईजचा सगळ्यात वाईट ग्रुप आधी बघतो. स्पर्धेत तोच नडतो. व्हर्निअरने भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा, मध्यापासून मध्यापर्यंतचं हवं असेल तर ४.५ वजा करा, नुसती तुलनाच करायची असेल तर वजा करायचीही गरज नाही. आता समजा ४.५० चे तीन ग्रुप ६, ७ आणि ८ मिमी आले, आणि ४.४९ चे ६.५, ७ आणि ८.५, तर या दोघांत फरक नाही, एकाच साईजचे तीन ग्रुप आपापसात दोन मिमीने हलतायत तिथे दोन साईजमधल्या पाव-अर्ध्या मिमीला काही अर्थ नाही. पण ४.५१ चे ९, ११, १० आले तर ती साईज या बॅरलला नको, हे स्पष्ट. माझ्याकडे येणाऱ्या पिस्तुलांत बहुतेकदा असंच होतं, दोन साईज बरोबरीत आणि एक मागे, कधी तिन्ही बरोबरीत. तिन्ही बरोबरीत आल्या तर आनंदच माना आणि जी साईज तुमच्या दुकानात बाराही महिने मिळते ती घ्या.

छर्रा बसवतानाचा अंदाज लागतो का, असंही लोक विचारतात. लागतो, पण अर्धवट. अंगठ्याने हलकं दाबल्यावर हेड आपणहून आत जावं आणि स्कर्टला शेवटी किंचित अडवणूक जाणवावी, ब्रीचच्या पातळीला येऊन बसावा. नुसता टाकल्यावर स्कर्टसकट आत घसरत असेल तर सैल, आणि नख लावून ढकलावा लागत असेल तर टाईट. याहून पुढे जायचं असेल तर मी छर्रा ब्रीचमधून क्लीनिंग रॉडने हळू पुढे ढकलून मऊ कापडावर पाडतो आणि भिंगाखाली धरतो. चांगला बसणारा छर्रा असेल तर हेडच्या कडेवर लँडच्या बारीक खुणा चहूबाजूंनी सारख्या दिसतात, उभ्या, एकसारख्या अंतरावर. एका बाजूला खोल आणि समोरच्या बाजूला पुसट असतील तर छर्रा आत तिरका होता. हेडवर खुणाच नसतील आणि फक्त स्कर्टवर असतील तर हेड लँडला टेकलंच नाही. हे बघायला फार छान वाटतं आणि बरंच शिकवतं, पण घरी करू नका, रॉडने तोंडाशी एक ओरखडा पडला तर बॅरल गेलं. रेंजवर जो गन्स बघतो त्याच्याकडून करून घ्या. आणि या खुणांवरून साईज ठरवायची नाही, ठरवायची कार्डावरूनच, खुणा फक्त कार्ड असं का म्हणतं ते सांगतात.

ग्रेडबद्दल थोडं. रोजच्या सरावाला मॅच ग्रेडची गरज नाही, त्याच वजनाचा स्वस्त छर्रा चालतो, पिस्तुलाला ०.४५ ग्रॅमच्या आसपासचा. फक्त स्पर्धेच्या आधीचे काही दिवस स्पर्धेचाच डबा वापरा, कारण छर्रा बदलला की ग्रुपची जागा सरकते आणि साईट परत लावावी लागते, ते स्पर्धेच्या सकाळी नको. तुमच्या मुलीच्या वयाला मी म्हणेन की एका स्पर्धेच्या डब्यावर भांडवल घालण्यापेक्षा सरावाचे दोन डबे जास्त घ्या.

डबा कसा वागवता यावरही बरंच अवलंबून आहे, आणि इथे साईजपेक्षा जास्त नुकसान होताना मी बघतो. डबा बॅगेत आडवा पडलेला, लोकलच्या गर्दीत दाबलेला, वर पाण्याची बाटली, की आतले स्कर्ट चेपतात, आणि चेपलेल्या स्कर्टचा छर्रा कुठल्याही साईजचा असो, हवा एका बाजूने निसटून तो भरकटतो. डब्यात रिकामी जागा झाली की वर फोमचा तुकडा ठेवा म्हणजे छर्रे खुळखुळत नाहीत. स्पर्धेचे छर्रे आदल्या दिवशी काचेवर घरंगळवून बघा, चेपलेला लगेच अडखळतो, तो सरावात टाका. पावसाळ्यात आपल्याकडे चार महिने हवा ओली असते, शिशावर पांढरी भुकटी धरते, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि भुकटी धरलेले छर्रे वापरू नका. भुकटी बॅरलला तर नकोच, पण मुलीच्या हातालाही नको. शिसं हे विष आहे आणि लहान वयात जास्त घातक. काही मुलं पुढचा छर्रा ओठात धरतात, ही सवय दिसली की त्याच क्षणी मोडा. रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडून खाणं नाही, पाण्याची बाटली टेबलावर छर्ऱ्यांच्या शेजारी नाही.

शेवटचं लॉटबद्दल. टेस्टमध्ये एखादी साईज चांगली निघाली तर त्याच लॉट नंबरचे पुढच्या सीझनपुरते डबे घेऊन ठेवा, वर्षानुवर्षांचा साठा नको, मूल वाढतं, पिस्तूल बदलतं. नवा लॉट आला की साईज तीच असली तरी निदान दोन कार्डं मारून बघा, कारखान्यातल्या डाय झिजतात, बदलतात, आणि ४.५० लिहिलेला पुढचा लॉट जुन्यासारखा वागेलच असं नाही.

तुम्ही पिस्तुलाचं मॉडेल, सिलिंडरवरची तारीख आणि शॉट कॉलिंगची दोन-तीन सेशनची वही एवढं कळवा. टेस्टची कार्डं केलीत तर बाजूला स्टीलची पट्टी ठेवून सरळ वरून फोटो काढा, तिरका काढला तर गोल ग्रुप लांबट दिसतो. नऊच्या नऊ कार्डं पाठवा, चांगली निवडून नको.